बाळंतपणानंतर टमी टक: नेमका कधी विचार करावा? (ठाणे / नवी मुंबई)

तळ्यातमळ्यात | १४ नोव्हेंबर, रात्री ११:५२

धाकटी कुशीत दूध पितेय, एका हाताने टाइप करतेय, शुद्धलेखन माफ करा.

मी ३४ वर्षांची. घर मानपाड्याला, ऑफिस महाप्याला. मोठा साडेपाच वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. दोन्ही सिझर. दुसरीच्या आधी वजन ५८ होतं, आता ६७ आहे आणि हळूहळू उतरतंय. हात-पाय-चेहरा सगळं जागेवर आलं. पोट तेवढं आलं नाही. उभी राहिले की ओटीपोटाची वळी सिझरच्या टाक्यावर येऊन बसते. पावसाळाभर त्या घडीत घाम साचून पुरळ. गादीवरून उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो, मोठा तो बघून हसतो.

आता खरा किस्सा. सप्टेंबरमध्ये ठाणे-वाशी लोकलला लेडीज डब्यात एका बाईने उठून मला जागा दिली. "कितवा?" विचारलं. पाय इतके दुखत होते की मी "पाचवा" म्हणून बसून टाकलं. पण डबा रोजचा, बायका रोजच्या. आता माझा सातवा चालू आहे. गेल्या आठवड्यात त्या डोहाळजेवणासाठी साडीचे पैसे काढायचं बोलत होत्या. हसू नका.

नवरा म्हणतो, "मला काही फरक पडत नाही." त्याला कशाला पडेल, ड्रेस मला शिवायला टाकावे लागतात.

एका क्लिनिकला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, महिनाअखेरपर्यंत ऑफर आहे, बुक करून टाका." धाकटी अजून अंगावर पितेय हे तिने विचारलंसुद्धा नाही. म्हणून इथे विचारते. बाळंतपणानंतर किती महिन्यांनी टमी टकचा, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून आतले स्नायू जुळवायच्या ऑपरेशनचा, विचार करावा? व्यायामाने जाईल का हे कसं ओळखायचं? आणि ज्यांनी करून घेतलंय त्यांनी खरं खरं सांगा, आधी-नंतरचे फोटो खूप बघून झालेत.

---

अर्धवट_झोप | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

सातवा महिना!! डबा बदल बाई. नाहीतर नवव्यात काय करशील?

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, मीच वाचायला बसलेय. माझं पिल्लू नऊ महिन्यांचं.

---

करंजी_फिजिओ | १५ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नेरुळला बाळंतपणानंतरच्याच बायका जास्त बघते. आयडीचं नाव तुझ्या त्या 'उभ्या उंचवट्या'वरूनच घेतलंय. पोटाच्या मधोमध उठणारी ती करंजी.

आधी हे समजून घे की 'सुटलेलं पोट' ही एक गोष्ट नाही. त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

चरबी असेल तर ती आहार-व्यायामाने कमी होते. पण चरबीही दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली, चिमटीत येणारी. दुसरी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती. ही आतली टमी टकमध्ये काढतच नाहीत. पोट टणक आणि गोल असेल, चिमटीत फारसं काही येत नसेल, तर ऑपरेशनने निराशाच होईल.

कातडी सैल झाली असेल, तर कितीही घाम गाळा, ती आक्रसत नाही. थोडी आक्रसते ती पहिल्या वर्षभरात, आपोआप.

स्नायू फाकले असतील तर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पट्टीने जोडलेले असतात. गरोदरपणात ती पट्टी ताणून रुंद होते. बहुतेकींची पहिल्या आठ आठवड्यांत बरीचशी सावरते, मग वेग मंदावतो.

चौथी गोष्ट हर्निया, बेंबीचा किंवा टाक्याचा. हा डॉक्टरनेच बघायचा.

घरी तपासायचं असेल तर पाठीवर झोप, गुडघे वाकव, तळवे गादीवर. एका हाताची बोटं जुळवून बेंबीवर ठेव, टोकं पायांकडे. श्वास सोडत डोकं आणि खांदे जरासे उचल. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना येऊन भिडतील. मध्ये किती बोटं मावतात? मग तसंच बेंबीच्या वर आणि खाली बघ. दोन बोटांपर्यंत असेल तर फारशी काळजी नाही. त्याहून जास्त असेल तर खोलीही बघ. बोटाखाली कापड ताणल्यासारखं लागतं, की बोट कणकेत गेल्यासारखं आत जातं? दुसरं लागलं तर फिजिओकडे जाच.

आणि कृपा करून यूट्यूब बघून रोज शंभर सिट-अप्स मारू नकोस. करंजी उठवणारा प्रत्येक व्यायाम सध्या बंद. अंथरुणातून उठतानासुद्धा आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकून उठायचं. नीट बसवलेला व्यायाम किमान तीन ते सहा महिने कर. अंतर तेवढंच राहिलं तरी पोटाची ताकद येते, कंबरदुखी कमी होते. पुढे ऑपरेशन करायचं ठरलंच, तर ही ताकद तेव्हाही कामाला येते.

शिंकताना लघवी निसटत असेल तर तेही सांग. बायका हे शेवटी, दाराच्या कडीला हात लावून सांगतात. त्यासाठी टमी टक हा उपाय नव्हे.

---

नैसर्गिक_जीवन | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

आपल्या आज्यांना दहा-दहा मुलं व्हायची, कोण गेलं होतं पोट कापायला? सकाळी कोमट पाणी-मध, बारा सूर्यनमस्कार, आणि मोबाइल कमी. बास.

---

घोडबंदरवाली | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:५८

आपली किती बाळंतपणं झाली, दादा?

---

नौपाड्याची_काकू | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

आज्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझं वय ६३. तेव्हा आमच्याकडे बाळंतिणीची मालीश करायला बाई यायची. तेल, शेक, धुरी, आणि मऊ सुती साडी दुमडून पोट असं करकचून बांधायची की जेवण वर यायचं. सव्वा महिना पाळला, पुढेही दोन महिने बांधलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, काही सोडलं नाही. तरी दुसऱ्या मुलानंतर माझी बेंबी बाहेर आली ती आलीच. कोणी विचारायचं नाही, मी सांगायची नाही. निऱ्या बेंबीच्या वर खोचायच्या, संपलं. तीस वर्षांनी एका रात्री ती लिंबाएवढी फुगून दगडासारखी टणक झाली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या. मध्यरात्री हर्नियाचं ऑपरेशन, जाळी बसवली.

तेव्हा आज्यांचं पोट सपाट होतं असं ज्याला वाटतं त्याने आजीला कधी विचारलेलं नाही.

पट्टा बांध गं, कंबरेला आधार मिळतो, बरं वाटतं. पण त्याने चरबी वितळत नाही की स्नायू जुळत नाहीत. आणि बेंबीकडे लक्ष ठेव.

---

भूलथाप | १५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

काकूंना दंडवत. मी भूलतज्ज्ञ आहे, आयडी त्यावरूनच. ऑपरेशन मी करत नाही, पण टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसून बरीच पाहिलीत.

'किती महिन्यांनी' याचं छापील उत्तर असं आहे की बाळंतपणानंतर किमान सहा महिने तरी नाहीच, आणि बहुतेक सर्जन वर्षभर थांबलेलं पसंत करतात. पण नुसते महिने मोजून उपयोग नाही. हे बघायचं:

दूध सुटून किमान तीन महिने, शक्यतो सहा, झालेले असावेत. कारण लोकांना वाटतं ते नाही. भूल दिल्याने दूध विषारी होत नाही. दुसरी काही ऑपरेशनं पाजणाऱ्या आयांची होतातच, आणि पूर्ण जाग आल्यावर त्या पाजतात. इथे थांबायचं ते यासाठी की पाजत असताना हॉर्मोन्स आणि वजन दोन्ही हलत असतात. शिवाय पाजायचं म्हणजे बाळ उचलायचं, पोटावर घ्यायचं. वेदनाशामकंही तोलून द्यावी लागतात, उदाहरणार्थ ट्रॅमाडॉल पाजणाऱ्या आईला टाळतात. म्हणून ऑपरेशनसाठी घाईने दूध तोडू नकोस. ऑपरेशन थांबू शकतं.

वजन सहा महिने एका जागी असावं. तुझं 'उतरतंय' म्हणालीस, म्हणजे अजून वेळ नाही. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे. आज कातडी मापाने कापली आणि नंतर सहा किलो उतरले, तर पुन्हा सैल. उलट वाढले तर पुन्हा ताण. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) तिशीच्या खाली असला तर धोका कमी.

पुढे मूल नको हे पक्कं असावं. टमी टकनंतर गरोदर राहता येतं, बाळाला सहसा त्रास होत नाही, पण फाकलेले स्नायू जुळवायला आत घातलेली टीप उसवू शकते. लाखभर रुपयांची टीप हो.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी बघ. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं नवीन नाही आणि पोट सुटण्याचं खापर बिचाऱ्या भातावर फुटतं. मिसरी, तंबाखू, सिगारेट काहीही असेल तर किमान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही बंद. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कडेची कातडी काळी पडून मरू शकते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सर्जनला सांग, इस्ट्रोजेन असलेल्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

"सिझरच्या वेळीच उरकून टाका ना डॉक्टर," हेही दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. नाही. तेव्हा गर्भाशय अजून मोठंच असतं, कातडी-स्नायू सुजलेले, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची भीती जास्त. कापायचं किती तेच कळत नाही.

---

तळ्यातमळ्यात | १६ नोव्हेंबर, रात्री १२:१४

काकू 🙏. आत्ता झोपून मोजलं. तीन बोटं आरामात जातात, चौथं अर्धं. आणि कणकेतच जातात.

लायपोसक्शन हा मधला मार्ग नाही का? क्लिनिकवाली तेही म्हणत होती.

---

भूलथाप | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

लायपोने चरबी ओढून काढतात. सैल कातडी सैलच राहते, कधीकधी अजून लोंबते. फाकलेल्या स्नायूंना ते हातही लावत नाहीत. ज्यांची कातडी घट्ट, स्नायू जागेवर आणि फक्त चरबीचा थर आहे त्यांना ते ठीक. तू लिहिलंयस त्यावरून तू त्यातली दिसत नाहीस, पण हे तपासूनच ठरतं.

---

टाका_तोच_टाका | १६ नोव्हेंबर, दुपारी १:३५

मी करून घेतलंय. दोन वर्षं झाली. खारघरला राहते, ऑपरेशन वाशीत. धाकटा तेव्हा सव्वातीन वर्षांचा होता. सविस्तर लिहिते कारण मला असं कोणी सांगितलं नव्हतं.

टाका कमरेच्या एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत असतो. सिझरच्या टाक्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. सिझरचा जुना व्रण कापलेल्या कातडीतच निघून गेला, पण बदल्यात हा मिळाला. बेंबी जागेवरच राहते, वरची कातडी पदरासारखी खाली ओढतात आणि बेंबीसाठी तिच्यात नवं भोक पाडतात. त्यामुळे बेंबीभोवतीही टाके. ताणाचे पांढरे चट्टे बेंबीखालचे गेले, वरचे होते ते खाली सरकून अजून आहेत. आत दोन्ही स्नायू मधोमध आणून वरपासून खालपर्यंत टीप मारतात. दुखतं ते हेच. कातडीचं काहीच नाही त्यापुढे.

साडेतीन तास लागले. दुसऱ्या दिवशी नर्सने चालायला लावलं. पायात गुठळी होऊ नये म्हणून चालायलाच लागतं. पण सरळ उभं राहता येत नाही. आठ-दहा दिवस मी पंढरीला निघालेल्या म्हातारीसारखी कंबरेत वाकून चालत होते. झोपायचंही तसंच, पाठ उंच, गुडघ्याखाली उशा. सपाट गादी विसरा.

दोन बाजूंना दोन नळ्या, टोकाला रबरी फुगे. त्यात पाणी जमायचं ते सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. आधी रक्तासारखं लाल, मग कोकमासारखं, मग लिंबू सरबतासारखं. दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं तेव्हा, नवव्या दिवशी, नळ्या काढल्या. नवरा वही इतकी मन लावून लिहायचा की मला वाटलं ताळेबंद देतोय बँकेत.

पाचव्या दिवशी आईने स्वयंपाकघरात लसणीची फोडणी दिली, वर लाल तिखट पडलं तेलात. मला शिंक आली. त्या एका शिंकेला मी ओरडले ते शेजारच्या बाई धावत आल्या. तेव्हापासून पोटाशी उशी घेऊनच बसायचे, शिंक-खोकला आला की उशी दाबायची. घरी सांगून ठेवा, महिनाभर खमंग फोडण्या बंद.

तिसऱ्या आठवड्यात पोटावर थोपटलं की आत पाणी हलल्यासारखं व्हायला लागलं. कातडीखाली पाणी साचलं होतं, सेरोमा म्हणतात. हे बरंच कॉमन आहे. दोनदा सुईने काढलं. घाबरले होते, पण तिथे बधीर असल्यामुळे सुई कळलीही नाही. बधिरपणा बेंबीखाली अजून थोडा आहे. गरम पाण्याची पिशवी त्या जागी कधी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

दाबपट्टा सहा आठवडे, रात्रंदिवस. मी डिसेंबर निवडला होता. ज्यांना मे महिन्यात करायचंय त्यांनी आधी ठाणे-नवी मुंबईच्या मे महिन्यात एक दिवस तो घालून बसून बघावं.

आता प्रामाणिकपणे. पोट सपाट झालं, कंबरदुखी बरीच कमी झाली, घडीतलं पुरळ गेलं. व्रण वर्षभर तांबडा-काळा होता, आता फिकट रेघ आहे. सिलिकॉनच्या पट्ट्या लावत होते. आपल्या कातडीवर व्रण जाड व्हायची प्रवृत्ती असते, आधीचा सिझरचा व्रण जाड झाला असेल तर सर्जनला दाखवा. पण मी 'लग्नातल्यासारखी' दिसेन असं जे डोक्यात होतं ते काही झालं नाही. आरशात मीच होते, पोट नसलेली.

---

अर्धवट_झोप | १६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

कोकम आणि लिंबू सरबत कायमचं बंद माझं.

---

घाई_नडली | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४५

वरच्यांनी सगळं चांगलं लिहिलंय. मी उलटी बाजू लिहिते. लॉगिन फक्त यासाठी केलं.

मुलगी अकरा महिन्यांची असताना केलं. बहिणीचं लग्न होतं, तारीख धरून मागे मोजत गेले. दूध ऑपरेशनच्या एक महिना आधी तोडलं. डॉक्टर म्हणाले थोडं थांबलात तर बरं, पण 'नाही' म्हणाले नाहीत, आणि मला 'नाही' ऐकायचं नव्हतं.

बाळ सांभाळायला बाई ठेवली होती. बाराव्या दिवशी ती आलीच नाही. नवरा ऑफिसला, सासूबाई देवळात. मुलगी पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि रडायला लागली. दहा मिनिटं मी नुसती बोलून समजावत होते. मग उचललं. साडेनऊ किलो. उचलताना आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. रात्रीपर्यंत एक बाजू फुगून निळी पडली, रक्त साचलं होतं. परत भूल, परत टेबल.

लग्नात मी खुर्चीवर बसून होते. आणि पुढच्या सहा महिन्यांत सहज पाच किलो उतरले, आता कडांना कातडी पुन्हा सैल आहे. डॉक्टरचा दोष नाही म्हणत, माझाही नाही म्हणत. महिने मोजले, पण उचलणारे हात मोजले नाहीत.

---

घोडबंदरवाली | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०१

काटा आला अंगावर. मिठी तुला.

---

हुकमाचा_नवरा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

पुरुष आहे, तरी लिहितो. बायकोचं ऑपरेशन मागच्या वर्षी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. मी म्हटलं, जड कामं मी करीन, त्यात काय. मग घरात मोजत सुटलो. पाण्याची बादली, आट्याची दहा किलोची गोणी, ओले कपडे भरलेली टोपली, कुकर. आणि चिरंजीव, १२ किलो. दिवसातून किती वेळा उचलले जातात ते मोजायला गेलो, चाळीसच्या पुढे सोडून दिलं.

आम्ही काय केलं: दोन महिने आधीपासून त्याला स्टुलावर चढून पलंगावर यायला शिकवलं. आंघोळ माझ्याकडे दिली. आईने बसायचं, त्याने येऊन बिलगायचं, हा खेळ केला. ऑपरेशनची तारीख डॉक्टरने नाही, पोराने ठरवली. तो स्वतः खुर्चीवर, गाडीत, कमोडवर चढायला लागला त्या महिन्यात.

आणखी एक. घरी आणायचा रस्ता आधी बघा. आम्ही वाशीहून ठाण्याला आलो, प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड पिळायची. जुलैत तर ठेवूच नका, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की पोटाला नळ्या लावून गाडीत बसून राहाल.

---

पॉलिसी_वाचते | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

खर्चाचं कोणी बोललं नाही. कॉस्मेटिक सर्जरी आरोग्यविम्यात बसत नाही, अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना वगैरे अपवाद सोडले तर. डायस्टॅसिसची टीपही सहसा कॉस्मेटिकमध्येच धरतात. हर्निया असेल तर त्याच्या दुरुस्तीचा भाग वेगळा मागता येतो, पण आधी लेखी विचारा, नंतर भांडू नका. "सगळंच हर्नियात दाखवून देतो" म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

रुग्णालयाच्या उपचारांना जीएसटीतून सूट असते, सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही. म्हणून सांगितलेला आकडा करासह की कराशिवाय ते विचारा. भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, दाबपट्टा, नंतरच्या ड्रेसिंगच्या फेऱ्या, आणि परत टेबलावर न्यावं लागलं तर त्याचे पैसे, हे सगळं कागदावर. मला दोन ठिकाणचे आकडे मिळाले, जवळजवळ दुपटीचा फरक. स्वस्तवाल्याकडे अतिदक्षता विभागच नव्हता.

---

भूलथाप | १७ नोव्हेंबर, दुपारी १:१०

+१. आणि डॉक्टरची डिग्री बघा. 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी आहे, डिग्री नाही. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. भूल कोण देणार हेही विचारा, आम्हाला कोणी विचारतच नाही.

---

नैसर्गिक_जीवन | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

मी फक्त माझं मत मांडलं होतं. बायकोने धागा वाचला. तिच्या बेंबीला पण तसं आहे म्हणे, सात वर्षांपासून. कोणत्या डॉक्टरला दाखवायचं? जनरल सर्जन का?

---

नौपाड्याची_काकू | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

हो, जनरल सर्जन. याच आठवड्यात जा. मध-पाणी पिऊन जा हवं तर.

---

करंजी_फिजिओ | १७ नोव्हेंबर, रात्री ८:५०

तळ्यातमळ्यात, एक विचारू? तू रोज मध्यरात्री लिहितेस. बाळ जागं ठेवतं की बाळ झोपल्यावरही झोप लागत नाही? पोटाचा राग दिवसभर डोक्यात असतो का, रडू येतं का? असेल तर ते पोटाच्या रांगेत मागे ठेवू नकोस. स्त्रीरोगतज्ज्ञाला सांग, किंवा टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलतात.

---

तळ्यातमळ्यात | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

बाळच जागं ठेवतं गं. पण विचारलंस ते बरं वाटलं. मध्ये एक महिना वाईट गेला होता, बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकून आंघोळ करायचे. आता नाही.

---

तळ्यातमळ्यात | ६ डिसेंबर, रात्री १०:४०

अपडेट. फिजिओकडे तीन वेळा जाऊन आले. मग ठाण्यातच एका प्लास्टिक सर्जनकडे, फक्त दाखवायला. त्यांनी उभं करून, बसवून, झोपवून बघितलं, सोनोग्राफी करायला लावली. बेंबीत छोटा हर्निया निघाला (काकू!!). सध्या आत-बाहेर होतोय, घाई नाही, पण टणक झाला, दुखला, उलटी झाली तर थेट इमर्जन्सी असं बजावलंय. ऑपरेशन केलं तर हर्निया आणि टीप एकदमच. लायपो एकट्याने काही होणार नाही म्हणाले.

तारीख मागितली तर म्हणाले, "दूध कधी सोडणार?" मी म्हटलं, दीड-पावणेदोन वर्षांची होईल तेव्हा. "मग त्यानंतर सहा महिन्यांनी, वजन काट्यावर स्थिर दाखवून या." म्हणजे पुढचा पावसाळा संपल्यावर. धाकटी तेव्हा दोन वर्षांची, पलंगावर स्वतः चढणारी. नवऱ्याला हुकमाचा_नवरा यांची पोस्ट वाचायला दिली. त्याने कालपासून दोघांच्या आंघोळी घेतल्यात. बाथरूमचं तळं झालंय, पण घेतल्यात.

थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. भाताची माफी मागितली.

आणि ट्रेन. सोमवारी सगळं खरं सांगून टाकलं. ऐरोली येईपर्यंत शिव्या खाल्ल्या. जिने जागा दिली होती ती सगळ्यात जास्त चिडली, मग तीच हसत सुटली आणि म्हणाली, "सरक गं, हिला चौथी सीट दे, हिचं पोट खोटं असलं तरी पाय खरे दुखतात." साडीचे जमलेले पैसे होते त्याचे मंगळवारी वडे आले. त्यातल्या दोघींनी घणसोलीला उतरता उतरता माझ्याकडून फिजिओचा नंबर घेतला.

एक विचारायचं राहिलं. टाका_तोच_टाका, पाठ उंच ठेवून झोपायला हॉस्पिटलसारखी वर-खाली होणारी खाट भाड्याने मिळते का? आमच्या घरात रिक्लायनर मावणार नाही.

---

टाका_तोच_टाका | ७ डिसेंबर, सकाळी ७:५५

मिळते, महिन्याच्या भाड्याने, अनामत ठेवून. डोक्याकडची आणि गुडघ्याकडची अशा दोन्ही बाजू उचलणारी सांग, नाहीतर नुसती डोक्याकडची उचलणारी देतात. कडेचे कठडे काढता येणारे बघ, नाहीतर धाकटी त्यावर लटकेल. आणि आधी लिफ्ट मोज. आमच्याकडे आणली तेव्हा लिफ्टमध्ये गेली नाही, चार माणसांनी सातव्या मजल्यावर जिन्याने चढवली, त्याचे वेगळे पैसे घेतले.